विहिरीतल्या बाईला तीनदा विचारा

हे सगळं घडलं २००४ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी उत्तरेकडच्या थंड किनाऱ्यावरच्या राहे गावातल्या पिहलाया गृहसंस्थेत सौनाची, म्हणजे सामायिक वाफेच्या न्हाणीघराची, नवी भट्टी बसली आणि शनिवारची पाच ते सहाची पाळी, म्हणजे आठवड्यातली सर्वांत मानाची पाळी, इर्या लेपिस्तोला मिळाली.

ती कशी मिळाली हे आधी सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. संस्थेचे अध्यक्ष तैस्तो हिएताला एके सकाळी तिच्या दारात आले. हे गृहस्थ पूर्वी मोठ्या जहाजांना वाट दाखवत बंदरात आणायचे. निवृत्त झाल्यावर जहाजं संपली, वाट दाखवणं काही संपलं नाही.

"लेपिस्तोबाई, शनिवारची पाचची पाळी रिकामी झालीय. घेता का?"

"छे छे! मला कशाला? दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"घेता का?"

"अहो, मी बुधवारी दुपारी जाते ना. बरं चाललंय माझं."

"घ्या हो."

"आता तुम्ही इतकं म्हणताय, तर तुमचा शब्द कशाला मोडू?"

तैस्तोंनी खिशातून पाळ्यांचा तक्ता काढला. त्यावर तिचं नाव आधीच, तेही शाईने घातलेलं होतं.

राहेमध्ये पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पहिला नकार सभ्यतेचा. दुसरा नकार पारखण्याचा, समोरच्याला मनापासून द्यायचंय की नुसतं तोंडदेखलं विचारतोय ते बघण्याचा. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, तेही समोरच्यावर उपकार केल्यासारखा चेहरा करून. हा नियम केकच्या तुकड्याला लागू आहे, गाडीतल्या जागेला आहे, आणि लग्नाच्या मागणीलाही आहे. इर्याच्या नवऱ्याने तिला १९६१ सालच्या जूनमध्ये, जुलैमध्ये आणि ऑगस्टमध्ये अशी तीनदा मागणी घातली होती. सप्टेंबरात त्याचं जहाज सुटणार होतं. मधल्या दोन महिन्यांत तिच्या जिवाची काय घालमेल झाली, हे तिने त्या बापड्याला मरेपर्यंत सांगितलं नाही.

शेजारची साल्मे हा एकच अपवाद. ती मूळची पूर्वेकडच्या कारेलियाची. युद्धात तो प्रांत शत्रूकडे गेला तेव्हा, आठ वर्षांची असताना, आईचा पदर धरून, एक गाय आणि एक भिंतीवरचं घड्याळ यांच्यासह इकडे आली. राहेत साठ वर्षं काढूनही तिचा गावठीपणा गेला नाही, असं राहेकर म्हणत, आणि राहेकरांचा आखडूपणा गेला नाही, असं साल्मे म्हणायची. तिच्याकडे विचारण्याची पद्धतच नव्हती. दार उघडलं की भात भरलेला गरम कानोला थेट हातात.

"तुमच्याकडचा केक शिळा होतो तो या विचारण्यातच," ती म्हणायची.

तर २००४ च्या ऑगस्टमध्ये गावच्या प्रौढ शिक्षणवर्गात ‘संगणकाची भीती घालवा’ असा सहा आठवड्यांचा वर्ग होता. इर्या तेव्हा सहासष्ट वर्षांची. चर्चच्या नोंदणी कचेरीत जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद करण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. संगणकाची भीती तिला नव्हतीच, पण वर्गाला नाव घालतेस का असं साल्मेने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घातलंही. तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेने सांगितलं, जिथे चार माणसं गप्पा मारतात असं एखादं ठिकाण शोधा. बाकीच्या बायकांनी विणकाम शोधलं, कुणी बटाट्यावरची कीड शोधली. इर्याने नवऱ्याच्या आठवणीने दोन शब्द टाइप केले, ‘धुकं’ आणि ‘बंदर’. समोर जे उघडलं त्याचं नाव होतं ‘धुकेबंदर’.

तिथे चित्र नव्हतं, आवाज नव्हता, नुसता मजकूर. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि एकेक उतारा लिहीत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. कुणी लोहार, कुणी सरदार, कुणी चेटकीण. पत्रापत्री करत नाटक खेळावं तसं. इर्याने ते वाचता वाचता कॉफी थंड केली. असं तिच्या हातून नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच झालं. दुसऱ्याच दिवशी तिने घरी, स्वयंपाकघरात, एक संगणक आणवला.

पण आत शिरणं सोपं नव्हतं. धुकेबंदराला एक्केचाळीस कलमांची नियमावली होती आणि तिच्यावर राखणदारांची नजर होती. मुख्य राखणदाराचं नाव ‘कावळा’. कलम पहिलं असं: दुसऱ्याच्या पात्राला त्याच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुणी उचलू नये, ढकलू नये, मारू नये, मिठी मारू नये. कलम दुसरं: परवानगी कंसात मागावी. कंसाबाहेर बोलतं ते पात्र, कंसात बोलतो तो खरा माणूस. कलम चौथं: एकदा ‘नको’ म्हटलं की नको. पुन्हा विचारणं हा ‘आग्रह’ समजला जाईल. आग्रहाला एक ताकीद. तीन ताकिदी झाल्या की हकालपट्टी.

कलम चार वाचताना इर्याने चष्मा पुसला. पण एकतीस वर्षं कचेरीत काढलेलं माणूस छापील गोष्टीवर शंका घेत नाही. ती पुढे गेली.

पुढे होता आवडीनिवडींचा तक्ता. तीन रकाने: ‘चालेल’, ‘विचारून चालेल’, ‘चालणार नाही’. गोष्टीत आपल्या पात्राबाबत काय घडलेलं आवडेल, ते ज्याने त्याने लिहायचं. लढाई चालेल का, प्रेमप्रकरण चालेल का, एखादा हात तुटलेला चालेल का. इर्याने ‘चालेल’ खाली सुवाच्य भाषेत लिहिलं, ‘सगळ्यांना सोयीचं असेल ते.’

कावळ्याने तक्ता परत पाठवला. ‘इथे आपली आवड लिहावी. इतरांची सोय नव्हे.’

इर्याने लिहिलं, ‘माझं काही विशेष नाही.’

तक्ता परत. ‘अपूर्ण.’

‘नेहमी असतं तेच.’

तक्ता परत. ‘नेहमी म्हणजे काय? आपण नव्या आहात.’

असे अकरा दिवस गेले. सहासष्ट वर्षांत हा प्रश्न तिला कुणी लेखी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तराची सवय नव्हती. शेवटी तिने लिहिलं, ‘धुकं.’ कावळ्याने ते मंजूर केलं. ‘चालणार नाही’ हा रकाना तिने मोकळा सोडला. कुणी काही देऊ करण्याआधीच नको म्हणायचं, एवढी उद्धट ती नव्हती.

तिने पात्र घेतलं जहाजाच्या कप्तानाच्या विधवेचं. नाव अमांदा. हातात एक पेटी, डोक्यावर काळी हॅट. आता प्रश्न आला प्रवेशाचा. गावातली सगळी पात्रं खानावळीत जमलेली. आत जाऊन ‘मी अमांदा’ असं सांगणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. राहेत दोन अनोळखी माणसांची ओळख फक्त एकाच मार्गाने होते. एकजण बर्फावरून घसरतो आणि दुसरा त्याला उठवतो. इर्याची निम्मी मैत्री अशीच झाली होती. धुकेबंदरात बर्फ अजून पडलं नव्हतं, म्हणून तिने चौकातली विहीर वापरली. तीन सुरेख परिच्छेद लिहून तिने अमांदाला धुक्यात वाट चुकवली आणि पेटीसकट विहिरीत पाडली.

पाचव्या मिनिटाला लोहार आला. तोर्स्ति नावाचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचा मजकूर छान असायचा, स्वल्पविराम जागच्या जागी. त्याने कंसात विचारलं, ‘नमस्कार. आपल्या अमांदाला दोर टाकून वर काढलं तर चालेल का?’

इर्याने खुर्ची पुढे ओढली. तिने ताबडतोब उत्तर दिलं, ‘अहो नको, कशाला उगीच त्रास? ती बरी आहे तिथे. पाणी काही तितकंसं गार नाही.’

मग हात मांडीवर ठेवून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली.

‘समजलं,’ लोहाराने लिहिलं. ‘आपल्या इच्छेचा मान राखतो.’ आणि जाऊन घोड्याला नाल मारू लागला.

दोन दिवस इर्याने त्या यंत्राजवळून हलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी साल्मे कानोले घेऊन आली तेव्हा तिने विषय काढला.

"एका लोहाराने मला विहिरीतून काढू का म्हणून विचारलं."

"कुठल्या विहिरीतून? कोण लोहार? अगं, तुझं कपाळ तापलंय का बघू."

सगळं ऐकून घेतल्यावर साल्मेने कपाळावरचा हात काढून स्वतःच्या कपाळावर मारला. "आणि तू नको म्हणालीस!"

"पहिल्यांदाच विचारलं होतं गं त्याने. लगेच हो म्हटलं असतं तर काय वाटलं असतं त्याला? जसं काही मी त्याच्यासाठीच पडले होते."

"त्याच्यासाठीच पडली होतीस!"

"ते त्याला कशाला कळायला हवं?"

त्यानंतरच्या पंधरवड्यात धुकेबंदरातल्या प्रत्येक सभ्य माणसाने, नियमानुसार, एकेकदा विचारलं. खानावळवाल्याने, कोळ्याच्या बायकोने, दोन सरदारांनी आणि एका चेटकिणीने. एकाला नको म्हटलं आणि दुसऱ्याला हो, असं कसं करायचं? पहिल्याला काय वाटेल? इर्याने सगळ्यांना सारख्याच गोड शब्दांत नको म्हटलं. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खानावळवाल्याने टोपलीतून पाव सोडू का विचारलं. ‘आत्ताच जेवले.’ चेटकिणीने घोंगडी देऊ केली. ‘तुम्हाला लागेल ती.’ कोळ्याच्या बायकोने निदान बोलायला येऊ का म्हटलं. ‘तुमची कामं खोळंबतील.’

महिनाअखेरीस कावळ्याने तिच्या तक्त्यातला मोकळा रकाना आपणहून भरून टाकला, खेळाडूंच्या सोयीसाठी म्हणून. ‘चालणार नाही: सुटका. अन्न. घोंगडी. सोबत.’ खाली शेरा: ‘या खेळाडूला विहिरीत राहणं प्रिय आहे. कृपया मान राखावा.’

इर्याला तो शेरा वाचून रडू आलं आणि शिवाय रागही आला, पण तक्रार करायची म्हणजे आपल्याला काहीतरी हवंय हे कबूल करणं आलं.

मग निराळाच प्रकार सुरू झाला. ज्या बाईला काही म्हणजे काही नको, तिची कीर्ती पसरली. नवीन आलेले खेळाडू आधी विहिरीवर यायला लागले. काठावर बसून सल्ला मागायचे. एका सरदाराने विचारलं, राजाशी द्रोह करू की नको? अमांदाने खालून सांगितलं, ‘आधी काहीतरी गरम खाऊन घे.’ त्याने खाल्लं, आणि द्रोह केला नाही. हे वाक्य मग धुकेबंदरात म्हणीसारखं झालं. लोक पत्रांच्या शेवटी ते लिहू लागले. सल्ला चांगला होता यात वाद नाही, पण तो देणारी बाई पाच आठवडे कमरेइतक्या पाण्यात उपाशी उभी आहे, याचा विचार कुणी केला नाही.

"तुम्ही संत झालात, लेपिस्तोबाई," तैस्तो म्हणाले. साल्मेकडून सगळं ऐकल्यापासून ते रोज काहीतरी निमित्त काढून येऊ लागले होते. "बंदरातला माझा अनुभव सांगतो. जहाज गाळात रुतलं की बघे लोक त्याला बेट समजतात."

ऑक्टोबरात धुकेबंदरात सुगीचा नाच झाला. खानावळीच्या खिडक्या उजळल्या. लोहार कोळ्याच्या बायकोबरोबर नाचला. त्याच्या मजकुरात मधेच एक ओळ होती: ‘नाचता नाचता तोर्स्तिने एकदा खिडकीतून विहिरीकडे पाहिलं.’ इर्याने ती ओळ चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचायला साल्मेला बोलावलं.

"नुसतं बघतोय मेला," साल्मे म्हणाली. "दोर नाही का त्याच्याकडे?"

"नियम आहे गं."

"नियमाला लोहार घाबरतो? मग लोखंडाला काय वाकवणार!"

आणि नोव्हेंबरात कावळ्याने फलकावर सूचना लावली. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजता, धुकेबंदरात महापूर येईल. सखल जागी असलेली सर्व पात्रं बुडतील आणि स्मशान विभागात हलवली जातील. स्मशानातून कुणी परत येत नाही. कलम एकोणतीस.

विहिरीहून सखल जागा धुकेबंदरात नव्हती.

इर्याने रात्रीचं जेवण अर्धंच घेतलं. अमांदा बुडाली तर नवं पात्र घेता येत होतं, तशी सोय होती. पण त्या लोहाराने खिडकीतून पाहिलं होतं ते अमांदासाठी. आणि एकतीस वर्षं मृत्यूची नोंद करणाऱ्या बाईला ठाऊक होतं की एकदा त्या वहीत नाव गेलं की खोडता येत नाही.

तैस्तोंनी सूत्रं हाती घेतली. "अर्ज करायचा. रीतसर. मी लिहून देतो." चार पानी अर्ज झाला. विषय: आवडीनिवडींच्या तक्त्यातील रकाना क्रमांक तीनमध्ये दुरुस्ती. त्यात अर्जदाराच्या वर्तनाची ग्वाही होती, भरती-ओहोटीची माहिती होती आणि बंदरातल्या दिव्यांबद्दल एक तक्रारही होती. सोबत तैस्तोंनी गृहसंस्थेचा शिक्का मारला, तो संगणकातून जाणार नव्हता तरी.

उत्तर आठ दिवसांनी आलं. ‘अर्ज नामंजूर. कलम चौदा: संकट जाहीर झाल्यावर त्यातून सुटण्यासाठी तक्ता बदलता येणार नाही. अपील दोन राखणदारांपुढे करावं. दुसरे राखणदार सध्या लष्कराच्या सरावाला गेले आहेत.’

"केव्हा येणार?" साल्मेने विचारलं.

"बुधवारी. पुरानंतर तीन दिवसांनी."

साल्मेने एप्रन सोडला. "त्या ठिकाणी नाव कसं घालतात ते मला दाखव."

तिने तक्ता चार मिनिटांत भरला. ‘चालेल’ खाली लिहिलं, ‘सगळं.’ बाकीच्या दोन रकान्यांत, ‘बघू.’ कावळ्याने पहिल्या फेरीत मंजूर केला. इर्याला ते थोडं लागलंच.

त्या रविवारी दुपारी इर्या आपल्या स्वयंपाकघरात यंत्रासमोर बसली. खिडकीत पहिली मेणबत्ती. अंगणापलीकडे तैस्तोंच्या खिडकीत त्यांच्या संगणकापुढे साल्मे दोन बोटं परजून बसलेली, आणि मागे तैस्तो हातात घड्याळ घेऊन उभे. साडेतीनला चौकात पाणी शिरलं. सगळी पात्रं चर्चच्या मनोऱ्यात चढली. तेवढ्यात पुरातून वाट काढत एक कानोलेवाली आली, टोपली एका खांद्यावर आणि दोराचं वेटोळं दुसऱ्या.

‘ए बाई! वर येतेस?’ साल्मेने लिहिलं. कंस वगैरे काही नाही.

इर्या शपथेवर सांगायची की तिला ‘हो’ लिहायचं होतं. बोटं ‘ह’ वर होतीसुद्धा. पण अख्खं गाव मनोऱ्यातून बघत होतं. सहासष्ट वर्षांचं वळण बोटांतून आपोआप उतरलं: ‘अगं नको, कशाला त्रास?’

‘येतेस की नाही?’

ताकीद क्रमांक एक, कावळा.

‘तुझे कानोले भिजतील.’

‘भिजू देत! येतेस?’

ताकीद क्रमांक दोन.

‘आता तू इतकं म्हणतेस, तर...’

साल्मेने पुढचं वाचलं नाही. तिने लिहिलं, ‘म्हणजे येतेस ना?’ आणि त्याच दमात दोर टाकून ओढायला लागली. अमांदा पाण्यातून निघाली, हॅटमधून धारा गळताहेत, पेटी काखेत, आणि बरोबर मध्यावर आली तेव्हा ताकीद क्रमांक तीन पडली. ‘कानोलेवालीची हकालपट्टी करण्यात येत आहे. पात्र, टोपली आणि दोर धरलेले दोन्ही हात यांच्यासह.’

अंगणापलीकडून साल्मेने तावातावाने खिडकी उघडली. "इर्या! मला हाकललं! तू कुठेयस?"

इर्याने आपली खिडकी उघडली. "मधे!"

"मधे म्हणजे?"

"अर्ध्यात लोंबकळतेय!"

गृहसंस्थेतल्या आणखी तीन खिडक्या उघडल्या आणि पाचव्या घरातल्या म्हाताऱ्याने अग्निशमन दलाला बोलवायची तयारी दाखवली. तैस्तोंनी त्यांना समजावलं.

धुकेबंदरात पेच पडला. दोर कुणाच्याच हातात नाही. अमांदाला पडू द्यावं तर परवानगीशिवाय इजा, कलम एक. ओढावं तर तक्त्यात सुटका मना. कावळ्याने निर्णय दिला: ‘पात्र आहे तिथेच राहील. पाणी नियोजित वेळी वाढेल.’ चारला नऊ मिनिटं कमी होती.

तेव्हा लोहार कंसात बोलला. ‘मी दोर धरू शकतो. पण मी सप्टेंबरात एकदा विचारलं आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर तो आग्रह होईल. सप्टेंबरपासून मी रोज नियमावली वाचतोय. वाट सापडत नाही.’

कावळ्याने लिहिलं, ‘कलम तीन. पात्राच्या मालकिणीने स्वतः स्पष्ट शब्दांत मागणी केली तर ती तक्त्याच्या वर समजावी.’

तैस्तो अंगणातून धावत आले होते, मोजे घालूनच. त्यांनी इर्याच्या खांद्यावरून वाचलं. "विचारा त्याला, हे कलम कधीपासून आहे?"

‘पहिल्या दिवसापासून,’ कावळ्याचं उत्तर.

"मग आमचा अर्ज का नामंजूर केला?"

‘अर्ज तक्ता दुरुस्त करण्याचा होता. मला बाहेर काढा, असं त्या चार पानांत कुठेही नाही.’

तैस्तोंनी आठवून पाहिलं. नव्हतं खरं.

सात मिनिटं उरली. इर्याने लिहिलं, ‘कुणी या बाजूने जाणारच असेल तर...’

‘ही मागणी आहे का?’ कावळा.

‘तशी फार निकड नाही, पण...’

‘निकड नसल्याची नोंद घेतली.’

"अगं बये!" साल्मे मागच्या दाराने आत येत ओरडली. "निकड नाही काय? बुडतेयस!"

पाणी अमांदाच्या बुटांना लागलं. गुडघ्यांना लागलं. इर्याने कळफलकावर हात ठेवले. आई आठवली. केकच्या बशीवरून हात मागे घ्यायला लावणारी तिची नजर आठवली. जून, जुलै आणि ऑगस्ट आठवले, आणि जहाज सुटायच्या तीन आठवडे आधीपर्यंत मोजलेले दिवस. तिने मागे वळून पाहिलं, जसं काही आई दारात उभी असावी. दारात साल्मे होती, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून.

इर्याने एकच शब्द लिहिला. ‘ओढा.’

पूर्णविरामही दिला.

पुढच्याच मिनिटाला मजकूर आला. एवढ्या झटक्यात तो लिहून होणं शक्य नव्हतं. लोहाराने तो सप्टेंबरातच लिहून तयार ठेवला होता. दोर, खांदे, ओला काठ, आणि मग भट्टीची ऊब. वर काढल्यावर त्याने अमांदाला भट्टीजवळ बसवलं आणि कंसात विचारलं, ‘मटणाचा रस्सा देऊ का?’

‘द्या,’ इर्याने लिहिलं. तिचे कान लाल झाले होते. तैस्तोंनी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं.

पुढे कोणाचं काय झालं तेही सांगून टाकायला हवं.

साल्मेला धुकेबंदरातून कायमचं हाकललं, ते तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट हकालपट्टीचं पत्र छापून घेऊन तिने भिंतीवरच्या त्या कारेलियाच्या घड्याळाशेजारी लावलं. दोनदा हाकलली गेलेय, ती सांगायची, पण या खेपेला कारण चांगलं होतं. २०१३ साली ती गेली. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तिच्या सुनेने कुणाला काही विचारलं नाही, सरळ हातात कानोले दिले, आणि सगळं राहे निमूटपणे खात राहिलं.

तैस्तो आणखी नऊ वर्षं अध्यक्ष होते. त्यांनी त्या अर्जाची प्रत संस्थेच्या दप्तरात लावून ठेवली. ती अजून आहे, ‘सौना, किरकोळ’ या फायलीत.

कावळा म्हणजे तुर्कू शहरातली एक तेवीस वर्षांची मुलगी निघाली, कायद्याचा अभ्यास करणारी. तिने त्या हिवाळ्यात नियमावलीला बेचाळिसावं कलम जोडलं आणि तक्त्यात चौथा रकाना घातला: ‘तीनदा विचारा.’ एकोणीस जणांनी त्यावर खूण केली, सगळे आपल्याच किनाऱ्यावरचे. पुढे ती न्यायाधीश झाली असं ऐकलं. धुकेबंदर २०१२ साली बंद पडलं. लोकांना चित्रं हवी झाली.

राहता राहिला लोहार. त्याचं खरं नाव आर्मास केम्पाइनेन. औलू शहरातला, वय चौसष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्याने पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं होतं. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं, पण ‘नको, कशाला त्रास’ असं म्हणणारं माणूस त्याला विहिरीतच भेटलं, असं तो म्हणे. २००५ च्या मे महिन्यात तो बसने राहेला आला. इर्याने कॉफीच्या टेबलावर रीतीप्रमाणे केक-बिस्किटांचे सात प्रकार मांडले होते. चार दिवस भाजत होती.

"केक घेणार?" तिने विचारलं.

"नको, नको," आर्मास म्हणाला. तोही याच किनाऱ्याचा, चांगल्या घरचा.

इर्याने मान डोलावली. नऊ महिन्यांत ती नियम शिकली होती. एकदा नको म्हणजे नको. तिने केक उचलून कपाटात ठेवला. मग बदामाची बिस्किटं विचारली, तीही उचलली. एकामागून एक सातही प्रकार त्याच्या डोळ्यांदेखत कपाटात गेले. बिचारा काळी कॉफी पिऊन, घोड्यांच्या नालांबद्दल तासभर बोलून उठला. बसथांब्यावर साल्मेने त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता दोन कानोले हातात कोंबले.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. दार उघडलं. कोटही काढला नव्हता त्याने.

"हो," तो म्हणाला.

"अहो, मी अजून काही विचारलंच नाही."

"काहीही विचारा. हो."

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी तीनदा विचारलं नसावं. पण पिहलाया गृहसंस्थेच्या सौनाच्या तक्त्यावर शनिवारी पाच ते सहाच्या चौकटीत ‘लेपिस्तो’च्या पुढे ‘केम्पाइनेन’ असं तैस्तोंच्या अक्षरात लिहिलेलं आहे. तैस्तोंनी ते विचारून लिहिलं. एकदाच.